जिंकूनही अमेरिका १९१९ मध्ये का पेटली?

प्रश्न असा आहे : पहिल्या महायुद्धात अमेरिका जिंकली. तिच्या भूमीवर शत्रूचा सैनिक उतरला नाही, कारखाने शाबूत राहिले, उलट इंग्लंड आणि फ्रान्स तिचे कर्जदार झाले. मग १९१९-२० मध्ये तिथे संप, वंशदंगली, बॉम्ब आणि धरपकड यांचा एवढा उद्रेक का झाला? आणि राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी पुढे रेटलेला राष्ट्रसंघ खुद्द अमेरिकेनेच का नाकारला? विचारणाऱ्याने पुढे लिहिलं आहे की पाठ्यपुस्तकात ‘अलिप्ततावाद’ आणि ‘साम्यवादाची भीती’ एवढ्या दोन शब्दांत हे सगळं उरकलं आहे आणि त्याने समाधान होत नाही.

होणारही नाही. मी सत्तावीस वर्षं महाविद्यालयात आधुनिक जगाचा इतिहास शिकवते आहे. सुरुवातीची बरीच वर्षं हेच दोन शब्द मीही फळ्यावर लिहिले. एकदा एका वर्गासाठी नोव्हेंबर १९१८ नंतरचे सरकारी निर्णय तारखेनुसार एकाखाली एक लिहून काढले, तेव्हा चित्र वेगळंच दिसलं. लढण्यासाठी अमेरिकी सरकारने दोन तऱ्हेची यंत्रणा उभी केली होती. एक लोकांना सांभाळणारी : भाव, रोजगार, कामगारांचे तंटे, शेतमालाचा हमीभाव. दुसरी लोकांना गप्प बसवणारी. तोफा थांबल्यावर पहिली यंत्रणा बहुतांशी काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत मोडीत निघाली. दुसरी मात्र चालूच राहिली. १९१९ चा भडका मला तरी या दोन गोष्टी जोडल्याशिवाय समजत नाही.

आधी १९१७ मध्ये जाऊ. ६ एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली तेव्हा देशाचं एकमत नव्हतं. साधारण दर तिघांत एक माणूस स्वतः परदेशात जन्मलेला किंवा तशा आईबापांच्या पोटी जन्मलेला. जर्मन वंशाचे लोक लाखोंनी, आणि इंग्लंडच्या बाजूने लढायचं या कल्पनेनेच भडकणारे आयरिश वेगळे. पाचच महिन्यांपूर्वी विल्सन ‘यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं’ या प्रचारावर दुसऱ्यांदा निवडून आले होते. अशा देशाला हातात बंदूक घ्यायला लावायची तर मनं वळवावी लागणार होती. त्यासाठी जॉर्ज क्रील यांच्या हाताखाली सरकारी प्रचार समिती आली. तिचे पंच्याहत्तर हजार स्वयंसेवक वक्ते सिनेमागृहात रीळ बदलायच्या वेळात उभे राहून चार मिनिटांचं भाषण करत. जून १९१७ मध्ये हेरगिरी कायदा झाला आणि मे १९१८ मध्ये राजद्रोहाची कलमं घालून तो आणखी कडक केला. सरकारविरुद्ध, लष्कराविरुद्ध, अगदी गणवेशाविरुद्ध अपशब्द काढणं गुन्हा ठरलं. न्याय खात्याच्या आशीर्वादाने सुमारे अडीच लाख खासगी नागरिकांची एक संघटना शेजाऱ्यापाजाऱ्यांवर पाळत ठेवू लागली.

यातून काय वातावरण तयार झालं ते एका उदाहरणावरून कळेल. इलिनॉय राज्यात कॉलिन्सव्हिल नावाच्या खाणगावात रॉबर्ट प्रेगर हा जर्मनीत जन्मलेला कामगार राहत होता. तो अमेरिकी नौदलात भरती व्हायला गेला होता, वैद्यकीय कारणावरून त्याला परत पाठवलं होतं. ५ एप्रिल १९१८ ला जमावाने त्याला हेर ठरवलं, अंगावर झेंडा गुंडाळून अनवाणी गावातून फिरवलं आणि झाडाला फाशी दिलं. खटल्यात ज्यूरीने काही मिनिटांतच सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. आंबवलेल्या कोबीचं जर्मन नाव बदलून ‘स्वातंत्र्य कोबी’ केलं गेलं ते सगळ्यांना ठाऊक असतं. प्रेगर मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही.

विद्यापीठंही यातून सुटली नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. ते तिथून निघाल्यावर दीड वर्षाच्या आतच त्याच विद्यापीठाने मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स कॅटेल यांना काढून टाकलं. सक्तीने भरती केलेल्या तरुणांना युरोपात पाठवू नये, असं पत्र त्यांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांना लिहिलं होतं. त्याचा निषेध म्हणून इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी ऑक्टोबर १९१७ मध्ये राजीनामा दिला. बिअर्ड स्वतः युद्धाच्या बाजूचे होते, म्हणून तो राजीनामा मला फार मोठा वाटतो.

आता दुसरी, सांभाळणारी बाजू. डिसेंबर १९१७ मध्ये सरकारने रेल्वे ताब्यात घेतली आणि रेल्वे कामगारांना पगारवाढ मिळाली. युद्धकालीन कामगार मंडळाने संघटना करण्याचा हक्क मान्य केला, आठ तासांच्या दिवसाला पाठिंबा दिला, त्या बदल्यात संप न करण्याचं वचन घेतलं. गव्हाला हमीभाव मिळाला. गावोगावी सरकारी रोजगार कार्यालयं उघडली. कारखान्यातल्या कामगाराला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की सरकार आपल्याही बाजूने बोलू शकतं. युद्ध लोकशाहीसाठी आहे असं विल्सन सांगत होते. मग ती लोकशाही गिरणीच्या फाटकाच्या आतही येईल, असं कामगारांनी धरून चालणं स्वाभाविक होतं.

११ नोव्हेंबर १९१८ ला शस्त्रसंधी झाली, वॉशिंग्टनच्या अंदाजापेक्षा बरीच लवकर. लढाईनंतर काय करायचं याचा आराखडा कोणाकडेच नव्हता. काही दिवसांत लष्करी मालाची कंत्राटं रद्द झाली. उद्योगांचं नियोजन करणारं मंडळ १ जानेवारी १९१९ ला बंद. कामगार मंडळ त्याच वर्षी गुंडाळलं. रोजगार कार्यालयांचा निधी काँग्रेसने जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी कापला, आणि तोही चाळीस लाखांचं सैन्य घरी परतत असताना. सुटणाऱ्या सैनिकाच्या हातावर साठ डॉलर आणि घरापर्यंतचं रेल्वेभाडं ठेवलं जाई. घरी आल्यावर तो काय बघत होता? १९१४ मध्ये एका डॉलरला मिळणाऱ्या जिनसांना १९२० पर्यंत दोन डॉलर पडू लागले. त्यात इन्फ्लुएन्झाच्या साथीत सुमारे पावणेसात लाख अमेरिकन दगावले होते. युद्धात मेलेल्या अमेरिकी सैनिकांची संख्या सुमारे १ लाख १६ हजार, आणि त्यातलेही निम्म्याहून अधिक लढाईत नव्हे, रोगराईने गेले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण परीक्षेच्या पुस्तकात ती सापडत नाही. कायद्याच्या दृष्टीने अमेरिकेचं युद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये संपलंच नव्हतं. सिनेटने, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाने, जर्मनीबरोबरचा व्हर्सायचा तह नाकारल्यामुळे जर्मनीशी युद्धस्थिती कागदोपत्री २ जुलै १९२१ पर्यंत चालू राहिली. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी न्यू जर्सीतल्या रॅरिटन गावी काँग्रेसच्या ठरावावर सही केली, तेव्हा कुठे ती मिटली. म्हणजे मधली अडीच वर्षं युद्धकाळासाठी केलेले कायदे जिवंत होते आणि ते सर्रास वापरले गेले. युद्धकालीन दारूबंदीचा कायदा तर शस्त्रसंधीनंतर दहा दिवसांनी, २१ नोव्हेंबर १९१८ ला झाला. नोव्हेंबर १९१९ मध्ये सुमारे चार लाख कोळसा खाणकामगारांनी संप केला तेव्हा महान्यायवादी मिचेल पामर यांनी अन्न आणि इंधनासंबंधीच्या युद्धकालीन लिव्हर कायद्याखाली न्यायालयाकडून संपाविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. युद्ध संपलं म्हणून कामगारांचं संरक्षण गेलं आणि युद्ध चालू आहे म्हणून त्यांचा संप बेकायदा, अशी ती कात्री होती.

समाजवादी नेते युजीन डेब्स यांची गोष्ट याच कात्रीतली. जून १९१८ मध्ये ओहायोतल्या कँटन गावी त्यांनी युद्धविरोधी भाषण केलं. शिक्षा झाली दहा वर्षांची. १० मार्च १९१९ ला, म्हणजे तोफा थांबून चार महिने झाल्यावर, सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली. १९२० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी अटलांटाच्या तुरुंगातून लढवली आणि त्यांना नऊ लाखांहून जास्त मतं पडली. त्यांना माफी द्यावी अशा विनंत्या विल्सन यांच्याकडे येत राहिल्या, त्यांनी शेवटपर्यंत नकार दिला. १९२१ च्या नाताळला डेब्स यांना सोडलं ते हार्डिंग यांनी.

१९१९ या एका वर्षात चाळीस लाखांहून अधिक कामगार कधी ना कधी संपावर होते. सगळे संप सांगत बसत नाही. दोनच बघू.

सिएटलमध्ये जानेवारीत गोदीतले पस्तीस हजार कामगार पगारासाठी बाहेर पडले आणि त्यांना पाठिंबा म्हणून ६ फेब्रुवारीला सारं शहर पाच दिवस थांबलं. संप समितीने सार्वजनिक जेवणघरं चालवली, लहान मुलांच्या दुधाची केंद्रं उघडली, इस्पितळांचे कपडे धुण्याची सोय केली, परतलेल्या सैनिकांना निःशस्त्र पहाऱ्यावर ठेवलं. संपात रक्त सांडलं नाही. पण महापौर ओल हॅन्सन यांनी हा रशियासारख्या क्रांतीचा प्रयत्न होता आणि आपण तो मोडला, असं जाहीर केलं. वर्तमानपत्रांनी ते उचललं. पुढे हॅन्सन यांनी पद सोडलं आणि देशभर त्याच विषयावर भाषणं देत फिरले. दीड वर्ष प्रचार समितीने लोकांना शत्रू आपल्यात मिसळलेला आहे असं ऐकवलं होतं. जर्मन गेला, आता त्या रिकाम्या जागी ‘लाल’ बसवायला वेळ लागला नाही.

दुसरा संप बॉस्टनच्या पोलिसांचा. यांच्याबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. पगार महागाईच्या मागे पडलेला, गणवेशाचा खर्च स्वतःच्या खिशातून, आठवड्याला सत्तर तासांहून जास्त ड्यूटी, झोपायला उंदरांनी भरलेली ठाणी. त्यांनी संघटना केली म्हणून आयुक्तांनी एकोणीस पुढाऱ्यांना निलंबित केलं. ९ सप्टेंबर १९१९ ला सुमारे पंधराशेपैकी अकराशेहून अधिक पोलीस संपावर गेले. दोन रात्री लुटालूट झाली, राज्याचं सैन्य आलं, गोळीबारात माणसं मेली. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर कॅल्विन कूलिज यांनी सार्वजनिक सुरक्षिततेविरुद्ध संप करायचा हक्क कोणालाही, कुठेही, कधीही नाही अशा आशयाची तार केली आणि त्या एका वाक्यावर ते पुढच्या वर्षी उपराष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. संपातल्या एकाही पोलिसाला परत घेतलं नाही. त्यांच्या जागी जी नवी भरती झाली, त्यात युद्धावरून परतलेले बेकार सैनिक पुष्कळ होते. या नव्या माणसांना जास्त पगार मिळाला आणि गणवेश फुकट मिळाला. म्हणजे मागणी रास्त होती हे सरकारलाही मान्य होतं. पोलाद कामगारांच्या संपाचं थोडक्यात सांगते : सप्टेंबरपासून साडेतीन लाख माणसं बाहेर, मुख्य तक्रार बारा तासांच्या पाळीची, आणि जानेवारी १९२० मध्ये संप पूर्ण फसला.

भीती अगदीच निराधार होती असं मात्र म्हणू नका, मीही म्हणणार नाही. एप्रिल १९१९ च्या अखेरीस छत्तीस बॉम्ब टपालाने पाठवले गेले. त्यातले सोळा न्यूयॉर्कच्या टपाल कार्यालयात तिकिटं कमी लावली म्हणून अडकून राहिले होते, ते एका कारकुनाच्या दक्षतेमुळे सापडले. जॉर्जियाच्या एका माजी सिनेटरच्या घरी मात्र पुडकं उघडणाऱ्या मोलकरणीचे दोन्ही हात गेले. २ जूनच्या रात्री आठ शहरांत स्फोट झाले. वॉशिंग्टनमध्ये पामर यांच्या घराच्या दारातच बॉम्ब फुटला आणि बॉम्ब ठेवणाराच त्यात मेला. समोरच्या घरात नौदल खात्याचे तरुण सहायक सचिव राहत होते, फ्रँकलिन रूझवेल्ट.

हे काम मूठभर अराजकवाद्यांचं होतं. पण पामर यांनी जाळं टाकलं ते स्थलांतरितांच्या सगळ्या वस्त्यांवर. न्याय खात्यात एक खास विभाग उघडून त्यावर चोवीस वर्षांचा एक वकील नेमला, जे. एडगर हूवर. तो आधी काँग्रेसच्या ग्रंथालयात काम करत होता, कार्डांवर सूची करण्याची पद्धत तिथेच शिकला. काही महिन्यांत त्याच्या खणांत दोन लाखांच्या आसपास कार्डं जमली, त्यात माणसं, संघटना आणि वर्तमानपत्रं. डिसेंबर १९१९ मध्ये २४९ जणांना ‘ब्यूफर्ड’ या जहाजावर चढवून रशियाकडे हद्दपार केलं. प्रसिद्ध अराजकवादी एमा गोल्डमन त्यातच होत्या. २ जानेवारी १९२० च्या रात्री तीसहून अधिक शहरांत छापे पडले आणि हजारो लोक पकडले गेले. अनेकांच्या नावे वॉरंट नव्हतं. काही जण सभागृहात नाच किंवा भाषेच्या वर्गासाठी आले होते म्हणून धरले गेले. न्यूयॉर्क विधानसभेने तर रीतसर निवडून आलेल्या पाच समाजवादी सदस्यांना आधी बाहेर बसवलं आणि एप्रिलमध्ये काढूनच टाकलं.

हे थांबवलं एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याने. लुई पोस्ट हे कामगार खात्यात सहायक सचिव, वय सत्तर ओलांडलेलं. परदेशी माणसाला हद्दपार करण्याचा अंतिम अधिकार न्याय खात्याकडे नव्हता, कामगार खात्याकडे होता. १९२० च्या मार्चमध्ये मुख्य सचिव रजेवर असल्याने कारभार पोस्ट यांच्याकडे आला. त्यांनी एकेक फाइल मागवली आणि वाचली. पुरावा आहे का, वकील मिळाला होता का, त्या माणसाला आपण कशाचे सभासद आहोत हे तरी ठाऊक होतं का? पंधराशेहून अधिक वॉरंटं त्यांनी रद्द केली. काँग्रेसमध्ये त्यांच्यावर महाभियोग आणायचा प्रयत्न झाला. मे महिन्यात ते समितीपुढे स्वतः गेले, कायदा समजावून सांगितला आणि प्रकरण तिथेच संपलं. दरम्यान १ मे १९२० ला देशभर उठाव होणार असं भाकीत पामर यांनी केलं होतं. पोलीस रात्रभर उभे राहिले, काहीच झालं नाही. त्यांची पत त्या दिवसापासून उतरली. सप्टेंबरमध्ये वॉल स्ट्रीटवर खराच भीषण स्फोट होऊन ३८ माणसं मेली, तरी नवं अटकसत्र सुरू झालं नाही. वर्गात मी पोस्ट यांच्यावर पाऊण तास घालवते. अभ्यासक्रमात ते नाहीत, हे मला ठाऊक आहे.

आता सर्वांत जड भाग. कृष्णवर्णीय सैनिक परत आले त्याची गोष्ट.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातली ३६९ वी पायदळ पलटण अमेरिकी सैन्याने स्वतःच्या गोऱ्या पलटणींबरोबर लढवली नाही, फ्रेंचांच्या हाताखाली दिली. ती १९१ दिवस आघाडीवर राहिली आणि फ्रान्सने तिचा गौरव केला. १७ फेब्रुवारी १९१९ ला ती पाचव्या अॅव्हेन्यूवरून संचलन करत गेली तेव्हा शहर लोटलं होतं. त्याच वर्षी दक्षिणेत झुंडबळी गेलेल्यांमध्ये अनेक माजी सैनिक होते, काही तर अंगावर गणवेश असताना मारले गेले. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी मे महिन्यात लिहिलं त्याचा आशय असा : आम्ही लढून परतलो आहोत आणि लढतच परतलो आहोत. (याच डु बॉइस यांना १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी पत्र लिहून अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतलं साम्य मांडलं होतं आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती.)

युद्धामुळे युरोपातून येणारे मजूर थांबले, म्हणून उत्तरेच्या कारखान्यांनी दक्षिणेतून माणसं बोलावली. शिकागोतली कृष्णवर्णीय वस्ती १९१० ते १९२० मध्ये ४४ हजारांवरून १ लाख ९ हजारांवर गेली. घरं तेवढीच, कत्तलखान्यांतल्या नोकऱ्या तेवढ्याच, आणि त्यात सैनिक परतले. २७ जुलै १९१९ ला, उकाड्याच्या रविवारी, यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर मिशिगन सरोवरात तराफ्यावर होता. तराफा वाहत गोऱ्यांनी आपल्यासाठी धरलेल्या पाण्यात गेला. काठावरून एकाने दगड मारले, मुलगा बुडाला. दगड मारणाऱ्याला अटक करायला पोलिसाने नकार दिला. तिथून शहर आठवडाभर पेटलं. ३८ मेले, २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरे. ५३७ जखमी झाले, हजारभर कुटुंबं उघड्यावर आली. त्या उन्हाळ्यात आणि पाठोपाठच्या शरद ऋतूत वॉशिंग्टनसह दोन डझनांहून अधिक ठिकाणी असंच झालं.

एलेन या गावाजवळचं प्रकरण विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला लगेच कळेल. आर्कान्सा राज्यातल्या फिलिप्स परगण्यात कापूस पिकवणारे कृष्णवर्णीय बटाईदार. कापसाचा भाव चढलेला, पण हिशेबाची वही जमीनदाराच्या हातात, दुकानही त्याचंच आणि उधारीही त्याचीच. तपशीलवार हिशेब मिळावा एवढ्यासाठी त्यांनी संघटना केली आणि वकील गाठला. ३० सप्टेंबरच्या रात्री चर्चमध्ये त्यांची सभा चालू असताना बाहेर गोळीबार झाला, एक गोरा मेला. मग आसपासच्या गावांतून हत्यारबंद जमाव आले आणि पाठोपाठ लष्करही आलं. पाच गोरे मेले. कृष्णवर्णीय किती मेले याचा कोणी नीट हिशेब ठेवला नाही, इतिहासकार शंभरापासून दोनशेहून अधिक असं सांगतात. कत्तलीबद्दल एकाही गोऱ्याला शिक्षा झाली नाही. बारा बटाईदारांना मात्र झटपट खटल्यांत फाशी सुनावली गेली. गुलामगिरीत जन्मलेले वकील स्किपिओ आफ्रिकानस जोन्स त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. अखेर जमावाच्या दडपणाखाली चाललेला खटला हा खटलाच नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि १९२५ च्या सुरुवातीपर्यंत बाराही जण सुटले. या निर्णयाची तारीख लक्षात ठेवा, १९ फेब्रुवारी १९२३. तिच्याकडे पुन्हा येते.

आता राष्ट्रसंघाबद्दल. त्याची घटना व्हर्सायच्या तहातच होती. ‘अलिप्ततावादी सिनेटने तह फेटाळला’ हे वाक्य अपुरं आहे. तहाला कोणत्याही रूपात विरोध करणारे सिनेटर होते जेमतेम पंधरा-सोळा. बहुसंख्यांना काही ना काही अटींवर राष्ट्रसंघ हवा होता. अडचण होती दहाव्या कलमाची : सभासद देशावर आक्रमण झालं तर मदतीचं बंधन. अमेरिकी सैनिक कुठे पाठवायचे हे काँग्रेस ठरवणार, एवढं स्पष्ट लिहा, असा विरोधी रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर हेन्री कॅबट लॉज यांचा आग्रह. विल्सन एक अक्षर बदलायला तयार नव्हते. पॅरिसला जाताना त्यांनी विरोधी पक्षाचा एकही वजनदार नेता बरोबर नेला नव्हता, आणि १९१८ च्या निवडणुकीत दोन्ही सभागृहं त्याच पक्षाकडे गेली होती. सप्टेंबर १९१९ मध्ये ते रेल्वेने सुमारे आठ हजार मैलांच्या प्रचारदौऱ्यावर निघाले. २५ तारखेला कोलोरॅडोत पुएब्लो इथल्या भाषणानंतर प्रकृती ढासळली आणि २ ऑक्टोबरला पक्षाघात झाला. पुढचे कित्येक महिने कोणते कागद त्यांच्यापर्यंत जावेत हे पत्नी एडिथ ठरवत होत्या. देशात संप, दंगली आणि छापे चालू असताना राष्ट्राध्यक्ष अंथरुणाला खिळलेले होते, हा योग साधा नाही.

मतदानाचे आकडे बघा. १९ मार्च १९२० ला लॉज यांच्या अटींसह तहाच्या बाजूने ४९, विरुद्ध ३५ मतं. दोन-तृतीयांशाला सात मतं कमी पडली. त्या ३५ पैकी २३ जण विल्सन यांच्याच पक्षाचे होते, त्यांच्याच आदेशावरून विरोधात गेलेले. आणि माझ्या मते खरा घाव आधीच बसला होता. जगात नवी शांतता यावी म्हणून मनापासून धडपडणारे लोक अमेरिकेत होते : समाजवादी, डावीकडचे सुधारक, छोट्या नियतकालिकांचे संपादक, कामगार पुढारी. १९१६ मध्ये त्यांतल्या अनेकांनी विल्सन यांना मतं दिली होती. १९१९ मध्ये त्यांतले काही तुरुंगात होते, काहींच्या नियतकालिकांची टपालसवलत काढून घेतलेली होती आणि उरलेले कंटाळून दूर गेले होते. राष्ट्रसंघासाठी गल्लोगल्ली फिरायला माणसंच उरली नव्हती.

स्त्रियांच्या मताधिकाराकडे मी या काळातली उजळ बाजू म्हणून बघते. तो काही कोणी बक्षीस दिला नाही. १९१७ मध्ये व्हाइट हाउसबाहेर फलक घेऊन उभ्या राहिलेल्या स्त्रियांना तुरुंगात टाकलं, उपोषण केलं तेव्हा नळीने अन्न भरवलं. कारखाने आणि शेतं स्त्रियांच्या बळावर चालली, तेव्हा सप्टेंबर १९१८ मध्ये विल्सन यांनी सिनेटपुढे जाऊन ही युद्धाची गरज आहे असं सांगितलं. १८ ऑगस्ट १९२० ला टेनेसीने मंजुरी दिल्यावर दुरुस्ती पक्की झाली. तिथे निर्णायक मत चोवीस वर्षांच्या हॅरी बर्न यांचं होतं, आणि खिशात आईचं पत्र होतं. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना मात्र मतपेटीपर्यंत पोचायला आणखी चार दशकांहून जास्त काळ लागला.

नोव्हेंबर १९२० मध्ये हार्डिंग साठ टक्के मतं घेऊन निवडून आले. लोकांना पुन्हा पूर्वीसारखं साधं आयुष्य हवं आहे हे त्यांनी ओळखलं होतं. शेतकऱ्याला ते मिळालं नाही. युद्धात गव्हाचा हमीभाव बुशेलला दोन डॉलरच्या वर होता. त्या भरवशावर कर्ज काढून जमिनी घेतल्या होत्या. हमी काढली, युरोपात पुन्हा पीक येऊ लागलं आणि १९२१ मध्ये भाव एका डॉलरच्या आसपास आला. कर्जाचे हप्ते मात्र जुन्या भावाचे. पुढची दहा वर्षं ग्रामीण बँका बुडत राहिल्या. १९२९ च्या मंदीची सुरुवात शिकवताना मी इथून करते.

संशयाचं शेवटचं घर म्हणजे स्थलांतर. १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी देशवार कोटे ठरले. दुसऱ्या कायद्याने मोजणीसाठी १८९० ची जुनी जनगणना धरली, कारण तेव्हा इटालियन आणि पूर्व युरोपातले ज्यू फार आले नव्हते. इटलीचा वर्षाचा कोटा बेचाळीस हजारांवरून चार हजारांच्याही खाली आला. भारतीयांना तर १९१७ च्या कायद्यानेच दार बंद केलं होतं.

आणि आता ती तारीख. १९ फेब्रुवारी १९२३ ला, एलेनच्या बटाईदारांना ज्या न्यायालयाने न्याय दिला, त्याच न्यायालयाने त्याच दिवशी भगतसिंग थिंड यांचं नागरिकत्व नाकारलं. थिंड हे पंजाबातले शीख, १९१८ मध्ये अमेरिकी सैन्यात पगडीसह दाखल झालेले. परदेशातून आलेल्यांपैकी फक्त ‘गोऱ्या’ किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसालाच कायदा नागरिकत्व देत होता. तीन महिन्यांपूर्वी याच न्यायालयाने एका जपानी अर्जदाराला सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन. थिंड यांनी मग आपण वंशशास्त्रानुसार कॉकेशियन आहोत असं मांडलं, तेव्हा उत्तर मिळालं की शास्त्र नको, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित, स्वतः १९१४ मध्ये नागरिक झालेले. निकालानंतर सरकार अनेक भारतीयांचं आधीच दिलेलं नागरिकत्व काढून घेऊ लागलं, पंडितांचंही. ते लढले आणि १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकले. थिंड यांना नागरिकत्व मिळालं १९३६ मध्ये, महायुद्धात लढलेल्या सैनिकांसाठी आदल्या वर्षी झालेल्या खास कायद्यामुळे.

साठ डॉलर घेऊन घरी गेलेल्या सैनिकांचं काय झालं, हाही प्रश्नाचाच भाग आहे. १९२४ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने त्यांना भरपाई मंजूर केली : देशात केलेल्या सेवेला दिवसाला एक डॉलर, परदेशातल्या सेवेला सव्वा डॉलर, पण मोठी रक्कम हातात पडणार १९४५ मध्ये. मंदीत उपाशी पडलेले हजारो माजी सैनिक १९३२ मध्ये ती आत्ताच द्या म्हणून बायकामुलांसह वॉशिंग्टनला येऊन राहिले. २८ जुलैला लष्कराने अश्रुधूर सोडून आणि झोपड्या जाळून त्यांना हाकललं. त्या अनुभवाची धास्ती असल्यामुळेच दुसरं महायुद्ध चालू असताना, २२ जून १९४४ ला, फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी परतणाऱ्या सैनिकांसाठी शिक्षण, घरकर्ज आणि बेकारभत्त्याच्या कायद्यावर सही केली. १९१९ मध्ये ज्यांच्या समोरच्या दारात बॉम्ब फुटला होता, तेच हे रूझवेल्ट. त्या कायद्याने लाखो कामगारांची मुलं महाविद्यालयात गेली. मिसिसिपीत मात्र १९४७ मध्ये त्याखाली मिळालेल्या बत्तीसशेहून अधिक कर्जांपैकी कृष्णवर्णीयांना मिळाली दोन.

सांभाळणारी यंत्रणा पुन्हा उभी करायला असा पंचवीस वर्षांचा काळ गेला. दुसरी कधी मोडलीच नव्हती. राजद्रोहाची कलमं मार्च १९२१ मध्ये गेली, हेरगिरी कायदा आजही लागू आहे. आणि कार्डांची ती पेटी सुरू करणारा तरुण वकील हूवर १९२४ मध्ये तपास ब्युरोचा (आजच्या एफबीआयचा) प्रमुख झाला, तो २ मे १९७२ ला मरेपर्यंत त्याच खुर्चीवर होता.